लाल तिखट : रंग, रुची आणि विवेक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने या संमेलनात मला बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील अवास्तव खर्च, वधूवरांच्या अडचणी या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी वेळोवेळी मार्गदर्शन केलेले आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेला साधा शिक्षक. मोठ्या विषयाला हात घालण्याची माझी योग्यता नाही. म्हणून जो विषय आपल्या प्रत्येक घरात दिवसातून दोनदा ताटात येतो, परंतु सभेत कधीच येत नाही, तो मी निवडला आहे. माझा विषय लाल तिखट.

काही बंधूंच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला दिसते. मास्तर स्वयंपाकघरात कसे शिरले, असा प्रश्न त्यांना पडला असेल. निवृत्तीनंतर किराणा आणणे, मिरच्यांचे देठ काढणे, कांडपाच्या गिरणीवर रांगेत उभे राहणे ही कामे माझ्याकडे आली, आणि जन्मभराची सवय म्हणून जे काम हाती आले त्याचा अभ्यासही केला. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते एका वाक्यात सांगावयाचे तर असे : मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि हे ज्या घराला नीट उमजले त्या घरात आजोबा, नातू आणि कर्ता मुलगा हे तिघेही एकाच भांड्यातील कालवण जेवू शकतात.

ही गोष्ट मी क्षुल्लक मानीत नाही. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत आज असे दिसते की, आजीला तिखट सोसत नाही म्हणून तिच्यासाठी वेगळे पांचट वरण होते. सगळ्यांची पंगत बसते तेव्हा तिचे ताट आधीच आटोपलेले असते. लहान मुलाला तिखट लागते म्हणून त्याची भाजी पाण्याने धुऊन देतात. घरातील गृहिणी दोन चुली सांभाळते आणि थकून जाते. वृद्ध माणसाचे अन्न वेगळे झाले की हळूहळू त्याचे बोलणेही वेगळे होते. पंगत हे कुटुंबाचे बंधन आहे. ते मिरचीपायी तुटावे ही खेदाची गोष्ट आहे, आणि तिचा उपाय आपल्या हातात आहे.

मिरची आली कोठून?

प्रथम थोडा इतिहास. लाल मिरची ही आपली पुरातन वस्तू आहे असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. मिरचीची मूळ भूमी अमेरिका खंड. इ. स. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. त्याला सापडली मिरची. पुढील वर्षी ती स्पेनमध्ये पोहोचली. इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. याचा अर्थ असा की, इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा महाराष्ट्रातील एकाही चुलीवर लाल तिखटाची फोडणी पडत नव्हती.

मग आपले पूर्वज काय फिके जेवत होते? मुळीच नाही. आयुर्वेदात 'त्रिकटु' म्हणून तीन तिखट द्रव्ये सांगितली आहेत : सुंठ, मिरी आणि पिंपळी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. तेथे मिरी आहे, हिंग आहे, मिरची मात्र नाही. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही मिरचीऐवजी मिरी वापरतात; तो त्या जुन्या काळाचाच अवशेष होय.

शब्दही हीच साक्ष देतात. संस्कृतात 'मरिच' म्हणजे मिरी. नवे फळ आले, तेही जिभेला झोंबले, म्हणून मिरीच्या नावावरून आपण त्याला 'मिरची' म्हटले. आणखी एक गंमत पाहा. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत 'कडू' हा शब्द 'कटु'वरून आला, परंतु अर्थ पालटून. आणि तिखटासाठी आपण 'तीक्ष्ण' या शब्दापासून नवा शब्द घडविला. षड्रस शिकविताना मुले नेमकी येथेच गोंधळत असत.

हे सर्व सांगण्यात माझा एक हेतू आहे. 'आमच्या ज्ञातीचा अस्सल मसाला' असे आपण अभिमानाने म्हणतो. अभिमान अवश्य असावा. पण त्या मसाल्यातील मुख्य पात्र चार-पाचशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेला पाहुणा आहे, हेही लक्षात असावे. इतकेच काय, एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतील बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंददेखील, हे सारे मूळचे अमेरिकेचे. उपवासाच्या ताटात परदेशी पाहुण्यांना मानाने बसविणाऱ्या समाजाने नव्या सुनेच्या माहेरच्या मसाल्याला नाके मुरडू नयेत. 'आमच्याकडे असे नसते' या तीन शब्दांनी अनेक मुलींच्या डोळ्यांत मिरचीहून अधिक पाणी आणले आहे.

तिखटपणा राहतो कोठे?

आता शास्त्राकडे वळू. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो त्याला 'कॅप्सेसिन' म्हणतात. तिखटपणा बियांत असतो अशी सर्वत्र समजूत आहे. वास्तविक हे द्रव्य मिरचीच्या आतील ज्या पांढुरक्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत तयार होते. बियांना ते लागते ते केवळ शेजारामुळे. लाल रंग मात्र बाहेरच्या सालीत असतो, आणि तो वेगळ्याच द्रव्यांचा असतो. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांची ती भावंडे होत. म्हणजे रंग सालीत आणि तिखट शिरेत, अशी निसर्गानेच दोन दालने करून ठेविली आहेत.

यावरून एक सोपा उपाय निघतो. वाळलेली मिरची उभी चिरावी, बिया झटकून टाकाव्यात आणि आतील शीर ओढून काढावी. उरलेली साल गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून वाटावी. रंग पूर्ण उतरतो, तिखटपणा बराच कमी होतो. बिया काढल्याने रंग अधिक खुलतो, कारण फिकट बियांचे पीठ त्यात मिसळत नाही. हे करताना हाताला तेल लावावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. डोळ्यांना हात लावू नये.

दुसरी गोष्ट अशी की, तिखट ही खरोखर चव नव्हे. तो एक प्रकारचा दाह आहे. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक सूक्ष्म द्वारे असतात. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेला ती उघडतात आणि मेंदूला भाजल्याची वर्दी देतात. कॅप्सेसिन त्याच द्वारांना उघडते, आणि भाजलेले नसताना भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह इ. स. १९९७ मध्ये हे द्वार शोधून काढले आणि इ. स. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला आर्डेम पातापूटियन यांच्यासमवेत मिळाले. पक्ष्यांना मात्र या द्रव्याचा दाह होत नाही. पिंजऱ्यातील पोपट मिरची चवीने का खातो, याचे उत्तर येथे आहे.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून ठसका लागल्यावर घटाघटा पाणी पिण्याने फारसा गुण येत नाही. दूध, दही किंवा भातावरचे तूप उपयोगी पडते. आपल्या वाडवडिलांनी झणझणीत कालवणाबरोबर ताक, दही, साजूक तूप यांची योजना केली ती उगाच नव्हे. रंगही तेलातच उतरतो. मिसळीच्या कटावर किंवा तांबड्या रश्श्यावर जो लाल तवंग दिसतो तो हाच. तवंग लालभडक असला म्हणजे तो तिखटच असेल असे नाही, आणि फिकट दिसणारे तिखट नाकातून धूर काढणार नाही असेही नाही.

बाजारातील मिरच्या

हा भेद आपल्या बाजारात उघड दिसतो. बेडगी मिरची ही रंगाची राणी. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाने ती ओळखली जाते आणि इ. स. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची. तिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार आहेत. डब्बी आखूड व फुगीर, कड्डी लांब व बारीक. रंगासाठी डब्बीला अधिक मान. काश्मिरी मिरचीही याच कुळातील. रंग तेजस्वी, तिखटपणा सौम्य.

दुसऱ्या बाजूला लवंगी : आकाराने लहान, कर्तबगारीने मोठी. आंध्रातील गुंटूरची मिरची तिखटासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या कोल्हापूर व बेळगाव भागातील संकेश्वरी ही लांब, पातळ, तिखट आणि विशिष्ट स्वादाची. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची नामांकित आहे. खानदेशात नंदुरबारचा मिरचीबाजार मोठा. हंगामात तेथील पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरच्यांनी जमीन लाल दिसते. गोव्यात काणकोणकडील खोल्याची मिरची रंगासाठी वाखाणली जाते.

या मिरच्यांची सांगड घालणे हीच खरी गृहकला. माझ्या मते साधारण कुटुंबाने तीन भाग बेडगी आणि एक भाग संकेश्वरी किंवा लवंगी असे प्रमाण धरून प्रारंभ करावा. घरात लहान मुले वा प्रकृतीने नाजूक वडीलधारे असतील तर सारीच बेडगी किंवा काश्मिरी घ्यावी, आणि अस्सल तिखटाची पूड वेगळ्या लहान बरणीत ठेवावी. कालवण सौम्य तिखटाचे करावे, पंगतीत वाटीभर लसणीची झणझणीत चटणी फिरवावी. ज्याला हवे तो घेईल. यात कोणाचे ताट वेगळे होत नाही आणि कोणाची हौसही मारली जात नाही.

हंगेरीचा धडा

रंग आणि तिखट वेगळे करण्याची ही विद्या एका दूरच्या देशाने फार पूर्वी पूर्णत्वास नेली आहे. तो देश हंगेरी. तुर्कांच्या अमलात मिरची तेथे पोहोचली आणि प्रथम गरिबांची मिरी म्हणून रुजली. आज तिची पूड 'पाप्रिका' या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. सेगेड आणि कालोचा ही तिची दोन गावे. हा 'पाप्रिका' शब्ददेखील स्लाव्ह भाषांतील मिरीच्या नावावरूनच आला. पाहा, हजारो मैलांवर राहणाऱ्या दोन समाजांनी एकाच फळाचे नाव एकाच रीतीने पाडले.

तेथील मिरचीही आरंभी तिखटच होती. एकोणिसाव्या शतकात तेथील लोकांनी मिरचीतील शिरा व बिया काढून सौम्य पूड तयार करण्याची पद्धत रुजविली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळातच तिखट नसलेले वाण निवडून वाढविले. तेव्हापासून तेथील गृहिणी गोडी, सौम्य आणि तिखट अशा निरनिराळ्या प्रतींची पूड पारखून घेते. याच सेगेड गावच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी ताज्या पाप्रिका मिरच्यांतून 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले, इ. स. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताज्या मिरचीत हे जीवनसत्त्व विपुल असते. वाळविताना व साठविताना त्याचा बराच ऱ्हास होतो, हे मात्र विसरू नये.

स्पेन देशातही पाप्रिका होते. तेथील ला व्हेरा भागात मिरच्या ओक लाकडाच्या धुरावर वाळवितात, त्यामुळे त्या पुडीला धुराचा वास असतो. आपल्या ज्ञातीतील अनेक मुले-मुली आज परदेशी आहेत. त्यांना तेथे बेडगी मिळत नाही अशी तक्रार पत्रातून आणि दूरध्वनीवरून कानी येते. त्यांना मी सांगतो : हंगेरियन पद्धतीची सौम्य पाप्रिका घ्या, त्यात चिमूटभर जहाल तिखट मिसळा, आमटीला घरचा रंग येईल. धुराची पाप्रिका मात्र आमटीत घालू नका; वरणाला होमाचा वास येईल.

हंगेरीच्या स्वयंपाकातील एक नियम आपण कोरून ठेवावा असा आहे. तेथील गृहिणी चरबीवर कांदा परतते, मग भांडे विस्तवावरून खाली उतरविते, पाप्रिका घालून ढवळते, लगेच रसदार पदार्थ किंवा पाणी घालते आणि मगच भांडे पुन्हा विस्तवावर ठेवते. कारण पाप्रिका जळली की कडू होते. आपल्याकडे अनुभवी स्त्रिया नेमके हेच करतात. मोहरी, जिरे, हिंग, हळद झाल्यावर विस्तव मंद करून किंवा विझवून तिखट घालतात आणि क्षणात भाजी वा पाणी लोटतात. नवशिक्या हातांची चूक येथेच होते. कडकडीत तेलात पडलेले तिखट डोळ्यांदेखत तपकिरी होते, रंग जातो, कडवटपणा येतो, घरभर खकाणा उठतो. आणि मग 'मिरची चांगली नव्हती' असा दोष दुकानदाराला मिळतो. फोडणीसाठी दहा सेकंदांचा संयम पुरेसा आहे.

मसाला आणि त्याचे माप

मिरची एकटी क्वचितच नांदते. पुण्याकडचा गोडा मसाला धने, तीळ, सुके खोबरे आणि दगडफूल यांवर उभा असतो. त्यात तिखटाला दुय्यम स्थान. कोल्हापूर-साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला म्हणजे मिरचीचे राज्य. खानदेशात कांदा-खोबरे चांगले काळपट भाजून काळा मसाला करतात. मालवणी मसाल्यात मिरचीबरोबर धने, बडीशेप व गरम मसाल्याचे जिन्नस असतात. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बंधूंचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचे नावच बाटली मसाला. गोव्यात बेडगी भिजवून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटतात आणि माशाच्या कालवणात तिरफळांची जोड देतात. एकाच मिरचीची ही किती रूपे!

परंतु या सर्व विद्येचे एक दुर्दैव आहे. ती लिहिलेली नाही. 'धने किती घ्यावे?' असे विचारले की उत्तर येते, 'अंदाजाने.' तो अंदाज एका वृद्ध स्त्रीच्या हातात असतो. ती गेली की तो हात जातो, आणि सुना-मुली दहा वर्षे त्या चवीचा शोध घेत बसतात. संस्कृत ग्रंथांच्या एकेका पोथीसाठी पंडितांनी देश पालथा घातला. आपल्या घरातील ही जिवंत पोथी मात्र आपण डोळ्यांसमोर मिटू देतो. याविषयी शेवटी मी एक विनंती करणार आहे.

भेसळ आणि साठवण

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. तिखटाचा रंग पाहून गिऱ्हाईक भुलते, हे व्यापारात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून भेसळही रंगाचीच होते. इ. स. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या मालात 'सुदान-१' नावाचा कारखान्यातील रंग आढळला. प्राण्यांवरील प्रयोगांत तो कर्करोगास कारण होतो असे दिसल्यामुळे अन्नात वापरण्यास त्याला मनाई आहे. इ. स. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच मिरचीपुडीमुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. आपल्याकडे इ. स. १९५४ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याची जागा पुढे इ. स. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. कायदा आहे, परंतु आपल्या बरणीवर पहारा आपणच ठेवला पाहिजे.

घरी एक साधी परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर पूड सोडावी. पाण्यात रंगाच्या रेघा उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे असे समजावे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून पाहावा. खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू, साबणासारखा गुळगुळीत लागला तर शंखजिऱ्याची पूड असण्याचा संभव. या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सुदानसारखे रंग तेलात विरघळणारे असल्याने पाण्यात दिसत नाहीत, आणि मिरचीचा नैसर्गिक रंगही तेलातच उतरत असल्याने तेलाच्या परीक्षेतून निवाडा होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. म्हणून सर्वांत खात्रीचा मार्ग जुनाच : अख्खी मिरची पारखून घ्यावी, घरी वाळवावी आणि डोळ्यांसमोर कांडून आणावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी सुटी पूड न घेता बंद पुडा घ्यावा आणि त्यावर ॲगमार्कची खूण असल्यास तिला प्राधान्य द्यावे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. दमट मिरचीवर बुरशी चढते, आणि काही बुरशींपासून 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि आपल्या नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही. म्हणून डाग पडलेली, कुबट वासाची, आतून काळी-पांढरी झालेली मिरची 'भाजली की चालेल' असे म्हणून ठेवू नये, फेकून द्यावी. नवा माल बाजारात आला की माघ-फाल्गुनात खरेदी करावी, चैत्र-वैशाखाच्या उन्हात स्वच्छ कापडावर कडकडीत वाळवावी, देठ काढून पावसाळ्यापूर्वी कांडावी. पूड पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या बरणीत दाबून भरावी आणि हिंगाचे खडे घालून घट्ट झाकावी. प्रकाश आणि हवा हे रंगाचे शत्रू; म्हणून फडताळावरील शोभेच्या काचेच्या बरणीत महिन्यापुरतेच तिखट काढावे, बाकीचे अंधारात ठेवावे. ओला चमचा बरणीत कदापि जाऊ नये.

प्रकृतीचा विचार

मिरचीने पोटात व्रण होतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इ. स. १९८२ च्या सुमारास दाखवून दिले की, असे बहुतेक व्रण एका जंतूमुळे होतात. त्यासाठी त्यांना इ. स. २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचे अतिसेवन हे दुसरे मोठे कारण. तेव्हा मिरचीवरील तो आरोप बऱ्याच अंशी निराधार ठरला. परंतु याचा अर्थ मनास येईल तितके तिखट खावे असा कोणी घेऊ नये. ज्यांना छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, मूळव्याध किंवा गुदद्वाराची भेग आहे, त्यांचा त्रास तिखटाने वाढू शकतो. अशांनी वैद्य-डॉक्टरांचा सल्ला मानावा. माझे सांगणे इतकेच की, तिखट कमी करा या सल्ल्याचा अर्थ रंग, सुवास आणि रुची सारे सोडा असा होत नाही. सौम्य बेडगी, धने, जिरे, आमसूल, कोथिंबीर, थोडे खोबरे यांनी ताट सजविता येते. रुग्णालाही जीभ असते, आणि जेवणाची गोडी गेलेला माणूस औषधालाही कंटाळतो.

जास्त तिखट खाणे म्हणजे मर्दुमकी, असा एक समज आपल्या तरुणांत दिसतो. लग्नाच्या पंगतीत पैजा लागतात. आताच आपण पाहिले की तिखट सोसणे हा मज्जातंतूंच्या सवयीचा भाग आहे. त्यात शौर्य असते तर पोपटाला वीरचक्र द्यावे लागेल!

मंडळापुढे तीन विनंत्या

आता समारोप. या व्याख्यानातून काही कृती घडावी अशी इच्छा आहे, म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली : प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरच्या मसाल्याची कृती वजनामापासह लिहून मंडळाकडे द्यावी. वाटी, मूठ, चिमूट यांचे ग्रॅम करावेत. घरातील वृद्ध भगिनी मसाला करतील तेव्हा नातवंडांनी तराजू घेऊन शेजारी बसावे. त्या अंदाजाने घालतील, मुलांनी तोलून लिहावे. त्या स्त्रीचे नाव कृतीच्या माथ्यावर अवश्य असावे. आपल्या वंशावळींत पणजोबा-खापरपणजोबांची नावे आहेत. पणजीचे नाव निदान मसाल्याच्या वहीत तरी राहू द्या.

दुसरी : उन्हाळ्यात मंडळाने इच्छुक कुटुंबांसाठी अख्ख्या मिरचीची एकत्र खरेदी करावी आणि कांडपाची व्यवस्था लावावी. एकट्याने राहणारे वृद्ध, लहान घरात वाळवणाला जागा नसलेले तरुण जोडपे, यांचा त्यात लाभ होईल. माल चांगला मिळेल आणि भेसळीची धास्ती राहणार नाही. मात्र त्या कामाला पुरुषांनीही यावे. देठ काढणे, वाळत घालणे, चाळणे ही कामे शिंका आणणारी आणि डोळे चुरचुरवणारी आहेत. पिढ्यान् पिढ्या ती केवळ स्त्रियांनी केली आणि 'यंदा मसाला फिका झाला' हा अभिप्राय तेवढा पुरुषांनी दिला. अभिप्रायाचा अधिकार श्रमाने मिळवावा.

तिसरी आणि शेवटची : आज घरी गेल्यावर आपल्या घरात कोणाचे ताट वेगळे वाढले जाते, याचा विचार करावा. ते वेगळेपण खरोखर प्रकृतीमुळे आहे, की केवळ आपण मिरची पारखली नाही म्हणून आहे, हे पाहावे. दुसरे कारण असेल तर तीन भाग बेडगीचा प्रयोग महिनाभर करावा. त्यासाठी खर्च फारसा नाही, विद्वत्तेची गरज नाही. एका पंगतीत एक पान अधिक मांडले गेले, तर आजच्या माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

 माझ्या विवेचनात काही उणे राहिले असल्यास येथे बसलेल्या अनुभवी भगिनींनी ते पुरे करावे. या विषयातील खऱ्या अधिकारी त्याच आहेत.